शाईची बाजू

१

ही गोष्ट सांगताना माझी मान खाली आहे, हे आधीच सांगून टाकते. तपास करणाऱ्याने शेवटी ताठ उभं राहून गुन्हेगाराकडे बोट दाखवावं, अशी वाचणाऱ्यांची अपेक्षा असते. मीही बोट दाखवलं. ते कुणाकडे वळलं, ते पुढे येईलच.

शुक्रवारी सकाळी किल्ल्यातल्या नकाशाघराचं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा जुना नकाशा जागेवर नव्हता. तो ठेवायची पत्र्याची नळी तशीच होती, झाकणही घट्ट लावलेलं होतं. आत मात्र वाराच.

किल्ला अडीचशे वर्षांपूर्वीचा. समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधला. आधी माल ठेवायला, मग तोफा ठेवायला आणि पुढे माणसं ठेवायला. इथल्या माणसांना पकडून एका कोठडीत कोंडायचे आणि जहाज आलं की दूरदेशी पाठवायचे. परत कुणी आलं नाही. राज्यं बदलली, किल्ला ओस पडला, दगड घरांच्या पायांत गेले, उरलेल्यावर वाळू बसली. चार बुरूज, चौकोनी तटाचा पाया आणि मधोमध दरवाजाचा उंबरा एवढंच शिल्लक होतं. तीस वर्षांपूर्वी तो पुन्हा उभा केला गेला, तो त्या व्यापाऱ्यांच्या इंजिनियरने काढलेल्या या एकमेव नकाशावरून.

खरं तर त्या नकाशाच्या मी गिरवलेल्या प्रतीवरून. मी तेव्हा बावीस वर्षांची, बांधकाम खात्यात नकाशे गिरवायला नवी लागलेली ट्रेसर. माझं ट्रेसिंग इतकी वर्षं किल्ल्याच्या दर्शनी दालनात काचेआड लटकत होतं. रविवारी दहा वाजता त्याच्या शेजारी मूळ नकाशा प्रथमच लागणार होता आणि पडदा माझ्याच हातून सरकायचा होता. मुदतीआधी निवृत्ती घेईपर्यंत मी खात्याचं नकाशा-दप्तर सांभाळलं. कुठलाही कागद हरवला की 'नकाशाताईंना बोलवा' हे ठरलेलं. त्यामुळे किल्ल्याच्या समितीच्या अध्यक्षांचा फोन आला तेव्हा, खरं सांगते, मनातून जरा सुखावलेच.

अध्यक्षांनी चोर आधीच ठरवून ठेवला होता. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे आणि दुसरी पहारेकरी मामांकडे. शनिवारी दुपारी बारापर्यंत नकाशा मिळाला नाही तर मामांची नोकरी जाणार, तटालगतची खोली रिकामी करावी लागणार आणि वर पोलिसात तक्रार. त्या खोलीत मामी पाच महिने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. कंबरेचं हाड मोडलेलं.

"ताई, तुम्ही उगाच त्रास घेऊ नका," मामा मला म्हणाले. "सोमवारी सापडेल तो."

मी पायरीवर थबकले. हरवलेल्या वस्तूला वार कसा ठाऊक?

२

चोरी म्हटली की आधी पाहायचं ते चोराने काय नेलं नाही. कपाटात चांदीची मोहोर होती, तांब्याची नाणी होती, त्या व्यापाऱ्यांच्या कप्तानाचं घड्याळही होतं. कशालाच हात लागला नव्हता. विकायलाच न्यायचा तर नकाशा नळीसकट नेला असता. जुना कागद काखेत मारून कोणी बाजारात जात नाही.

नळीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर आमच्या मोठ्या साहेबांचं, म्हणजे पुनर्बांधणीच्या मुख्य इंजिनियरांचं. देवाघरी जाऊन त्यांना दहा वर्षं झाली. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'कागद ठिसूळ आहे. उघडू नये.'

हे वाचून मला नवल वाटलं. तो नकाशा या हातांनी पसरला होता, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून सहा दिवस वाकून बसले होते. जाड कागद, मागून कापड डकवलेलं. घडी घातली तरी मोडणार नाही इतका चिवट. साहेबांना ते माहीत होतं. मग ठिसूळ कशाला लिहिलं?

फ्रेमवाल्याकडे चौकशी केली. तो आदल्या गुरुवारी येऊन मापं घेऊन गेला होता, पण रजिस्टरमधून. नकाशा त्याने पाहिलाच नव्हता. त्याच्यावर संशय घ्यायला एवढंच होतं, की त्याने अशा कागदाची किंमत किती येते म्हणून विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला, मी तर अध्यक्षांच्या चपलांचीही किंमत विचारली होती, मला सवयच आहे. माझं ट्रेसिंग त्याच्या दुकानात होतं, जुनी चौकट काढून नवी लावायला.

मग मार्गदर्शक मुलगी. पर्यटकांना किल्ला दाखवणारी, जिभेने तिखट, मनाने सरळ. अध्यक्षांशी तिचं वाजलं होतं. मूळ नकाशा अभ्यासायला मागितला तर त्यांनी साहेबांच्या त्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं होतं. ती म्हणाली, मी चोरला असता तर फोटो काढून जगाला दाखवला असता, लपवून मला काय मिळणार? बरोबर होतं. ज्याने नेला त्याला नकाशा नको होता. त्याला तो भिंतीवर लागायला नको होता.

मी तिला विचारलं, हे प्रदर्शनाचं कुणाकुणाला सांगितलंस? तिने आठवून सांगितलं, "मिस्त्रीकाकांना. दर गुरुवारी येतात ना ते. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लागणार म्हटल्यावर खालीच बसले. पाणी दिलं मी. मग विचारतात कसं, दोन्ही एकाच अंगाने लावणार का गं?"

३

मिस्त्री म्हणजे पुनर्बांधणीचे मुख्य गवंडी. ऐंशी माणसं हाताखाली होती त्यांच्या. दर गुरुवारी ते काठी टेकत किल्ल्यात येत, भिंतींवरून हात फिरवत. गावातली पोरंटोरं त्यांची थट्टा करत, कारण समुद्राकडच्या कोठारांत दर भरतीला ओल झिरपायची. मीही केली होती थट्टा, चारचौघांत. भाषणाला उभी राहिले की वळून म्हणायची, मिस्त्री, चुन्याऐवजी साखर घातली होती का हो? सगळे हसत. तेही हसत. देवा, त्या हसण्याचा अर्थ मला एकदाही कळू नये?

मुलीने आणखी एक सांगितलं, तेही हसत हसत. जाताना मिस्त्री गावाकडच्या कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहापाशी थांबतात, चपला काढतात, क्षणभर हात जोडतात. "म्हातारा मुताऱ्यांना नमस्कार करतो," असं तिच्या बरोबरीची मुलं म्हणत.

मला हसू आलं नाही. ज्याला दगडांची भाषा कळते, तो माणूस उगीच कुठे हात जोडत नाही.

तिथून मामींना भेटायला गेले. त्यांची खोली गावाकडच्या रांगेतली, दोन हात जाड भिंतींची, उबदार आणि खणखणीत कोरडी. मी गेले की मामी नेहमी गादीवर थाप मारायच्या, "बसा गं इथं, माझ्याजवळ," आणि माझा हात धरून अर्धा तास बोलायच्या. त्या दिवशी मी सवयीने गादीच्या कडेला टेकणार, तोच त्या घाईने म्हणाल्या, "तिथं नको. स्टुलावर बसा."

मी स्टुलावर बसले. मामींनी डोळे मिटून घेतले. मोडलेल्या कंबरेची ती बाई गादीवर अशी ताठ पडून होती, जणू अंगाखाली तान्हं मूल निजलंय.

नकाशा कुठे आहे ते मला कळलं. मला कळलंय, हे मामींनाही कळलं. पण उद्या बारा वाजता खोली रिकामी करायला माणसं आली, की पहिली उचलली जाणार होती ती गादी.

४

चोर सापडला होता, चोरी मात्र समजत नव्हती. मिस्त्रींनी नकाशा का लपवावा? आणि मामांनी स्वतःची भाकरी पणाला लावून त्यांना साथ का द्यावी?

मी कोठारांत जाऊन उभी राहिले. बाहेर समुद्र भिंतीला थापट्या मारत होता. भिंत जेमतेम वीतभर जाडीची, आतून हिरवट. तीस वर्षं पाहिलेली ती भिंत त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली म्हणायचं. जो इंजिनियर जहाजातून उतरून परक्या किनाऱ्यावर किल्ला बांधतो, तो धान्य आणि बंदुकीची दारू समुद्राच्या तोंडावर, कागदासारख्या भिंतीआड ठेवील? आणि दोन हात जाडीच्या भिंती बांधील त्या गावाकडे, जिथे वाराही लागत नाही?

एवढा मूर्ख माणूस समुद्र ओलांडून आलाच नसता.

मी जवळजवळ धावतच फ्रेमवाल्याचं दुकान गाठलं. माझं ट्रेसिंग त्याच्या टेबलावर पालथं पडलेलं होतं. तीस वर्षांत त्याची मागची बाजू कुणी पाहिली नव्हती. मी चष्मा काढला, कागद उजेडाकडे तिरपा धरला आणि बोटाचं टोक अलगद फिरवलं.

शिसं कधीच पुसलेलं होतं. पण पेन्सिल दाबून चालवायची माझी तेव्हाची सवय कागदाने जपून ठेवली होती. प्रत्येक रेघेखाली बारीक खाच लागत होती. फ्रेमवाला विचारत होता, ताई, पाणी देऊ का?

५

आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर माझी चूक कळणार नाही. ट्रेसिंग पेपर दोन्ही बाजूंनी आरपार दिसतो. म्हणून पेन्सिल एका बाजूला आणि शाई दुसऱ्या बाजूला, असं आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवत. मग मागची पेन्सिल खोडताना पुढच्या शाईला धक्का लागत नाही. नवं चित्र काढताना ही रीत सोन्यासारखी. पण जुन्या नकाशावर कागद ठेवून पेन्सिलीने गिरवला, आणि मग तोच कागद उलटून दुसऱ्या बाजूने शाई भरली, तर डावं ते उजवं होतं, आरशातल्यासारखं.

मी नेमकं तेच केलं होतं. सहा दिवस मूळ नकाशावर वाकून पेन्सिलीने गिरवलं. त्यावरची परकी अक्षरं मला वाचता येत नव्हती, म्हणून फक्त रेघा घेतल्या. दालनांची नावं दुभाष्याने वहीत लिहून दिली होती, लांब ते कोठार, जाड भिंतींची ती शिबंदीची, म्हणजे शिपायांची खोली, एकच झरोका असलेली ती कोठडी. मग मूळ नकाशा नळीत गेला. मी हात धुतले, कागद उलटा केला आणि सराईतपणाच्या तोऱ्यात शाई भरायला बसले. नावं आकारावरून लिहिली. उत्तरेचा बाण दरवाजावरून काढला. तट चौकोनी, बुरूज चारही सारखे, दरवाजा मधोमध. उलटा किल्ला जुन्या पायावर सुलट्यासारखाच चपखल बसला.

कोठारं समुद्राकडे गेली, ती माझ्या हाताने. आणि एकच झरोका असलेली ती कोठडी, जिच्यात मार्गदर्शक मुलगी पर्यटकांना दोन मिनिटं मौन पाळायला लावते, जिथे परदेशातून आलेली माणसं पूर्वजांच्या आठवणीने भिंतीला कपाळ टेकवून रडतात, ती तिथे नव्हतीच कधी. ती समोरच्या कोपऱ्यात होती. जिथे आज स्वच्छतागृह आहे.

मिस्त्री तिथे चपला का काढतात ते उमगलं, आणि दुकानातल्या बाकावर बसून मी तोंड झाकून घेतलं.

६

शनिवारी सकाळी नऊ वाजता मिस्त्रींच्या दारात उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं, माझ्या हातातली ट्रेसिंगची गुंडाळी पाहिली आणि सुनेला दुसऱ्या कपाचं आधण टाकायला सांगितलं. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "कळलं वाटतं."

मग सगळं सांगितलं. भिंती छातीपर्यंत आल्या होत्या, तेव्हा स्वच्छतागृहाचा पाया खणताना जुनं जोतं लागलं. दगडात लोखंडी कडी होती, माणसाच्या घोट्याच्या उंचीवर. एक नव्हे, ओळीने सात. नकाशात तिथे काहीच नव्हतं. मिस्त्रींनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी नळी उघडायला लावली, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ खाली बसून राहिले. चूक जाहीर केली तर काम थांबणार, ऐंशी माणसं घरी जाणार. आणि ट्रेसरला काढून टाकणार. साहेबांनी कड्यांवर माती ओढायला सांगितली. ती ओढायला जो मजूर होता, तोच आजचा पहारेकरी. त्या दिवसापासून ते दोघे आणि साहेब असे तिघे बांधले गेले. नळीवर चिठ्ठी लागली.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगायचं? बावीस वर्षांची पोर. डब्यात दोन पोळ्या, त्यातली एक धाकट्या भावाला. आम्ही रोज बघत होतो. आणि तुमच्यासाठीच केलं असं म्हणू नका, ताई. मलाही काम हवं होतं. त्या सात कड्यांवर पहिलं घमेलं मी ओतलं. माती पडताना आवाज येत होता."

मामांची नोकरी जाणार, हे मामांनी त्यांना कळू दिलंच नव्हतं. आपण रविवार टाळू, सोमवारी नकाशा कपाटामागे सापडेल, कागद ठिसूळ म्हणून पुन्हा नळीत जाईल, एवढंच दोघांत ठरलं होतं. बाराची गोष्ट मी सांगितल्यावर मिस्त्री काठी शोधू लागले. समितीपुढे जाऊन 'मीच चोरला' एवढंच सांगायचं त्यांनी ठरवलं. का चोरला, ते सांगणार नव्हते.

"तुम्ही बसा," मी म्हणाले. "आजवर माझ्या वतीने तुम्हीच बोलणी खाल्लीत."

७

मामींच्या गादीखालून नकाशा मीच काढला. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये होता, अगदी कोरडा. मामी माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. वयाने त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत.

बाराला दहा कमी असताना मी समितीच्या टेबलावर दोन्ही कागद मांडले. आधी शेजारी शेजारी. मग माझं ट्रेसिंग पालथं करून मूळ नकाशावर ठेवलं. रेघेवर रेघ बसली. मी म्हटलं, चोरी झालेली नाही. माझी अब्रू झाकायला दोन माणसांनी नकाशा किल्ल्याच्या आतच ठेवला होता. शिक्षा करायचीच तर सुरुवात माझ्यापासून करा.

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. ते उठले, दार लावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात बोलू लागले. नकाशा सापडला ना, झालं तर. मामांना कोण काढतंय? मूळ कागदाची दुरुस्ती चालू आहे असं सांगू, उद्या नुसतं ट्रेसिंग लावू. एवढ्या वर्षांनी कुणाला काय कळणार? तुमचंही नाव राहील, ताई.

कबूल करते, क्षणभर मोह झाला. पडद्याची दोरी, टाळ्या, माझं नाव. परमेश्वराने माणसाला मन दिलं ते असं, की उघडं पडल्यावरही पांघरूण शोधतं. पण कोपऱ्यात ती मार्गदर्शक मुलगी उभी होती. उद्या सकाळी ती पुन्हा माणसांना चुकीच्या भिंतीपाशी रडवणार होती. मी म्हणाले, दोन्ही लावायचे. आणि खाली कारण लिहायचं, ते मी लिहीन.

रविवारी पडदा मी सरकवला. बोलताना अडखळले, पण सगळं बोलले. टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं दोन्ही नकाशांसमोर उभी राहिली आणि मग कुणी काही न सांगता गावाकडच्या कोपऱ्याकडे चालू लागली. मामांनी स्वच्छतागृहाला कुलूप घातलं होतं.

मिस्त्री गर्दीत नव्हते. कोठारापाशी एकटे बसले होते. मी शेजारी बसले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ल्याची माहितीपुस्तिका काढली, कोपरे झिजलेली. वीस वर्षांपूर्वी ती मीच लिहिली होती.

"मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "नातीने एकदा वाचून दाखवलं. म्हणाली, आजोबा, गवंड्यांचं फार कौतुक केलंय ताईंनी. ते तेवढं वाचा ना, ताई. तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलंय."

अख्ख्या पुस्तिकेत गवंड्यांचा उल्लेख एकदाच होता. तो शब्दन् शब्द मला पाठ होता. त्याच्या जागी दुसरं काहीतरी गोड बोलता आलं असतं. त्या लेकराने तेच केलं होतं, आणि देव तिचं भलं करो. पण तीस वर्षं ज्यांनी माझं खोटं सांभाळलं, त्यांच्या पुढ्यात आणखी एक खोटं ठेवायला माझी जीभ वळेना.

मी पान उघडलं आणि छापलं होतं तसं वाचलं. 'कोठारांत आज जी ओल दिसते, ती मूळ रचनेतला दोष नसून पुनर्बांधणीच्या वेळच्या गवंड्यांच्या हलगर्जीपणाचा परिणाम आहे.'

मिस्त्री ऐकत राहिले. त्यांची बोटं भिंतीच्या ओल्या सांध्यावरून हळूहळू फिरत होती.

त्यांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली, नीट मिटली आणि परत खिशात ठेवली.

"नातीला सांगू नका," ते म्हणाले, "मला कळलं म्हणून."